हायवेला लागताना जागा कुणी द्यायची?

पुण्यात नवले पुलाजवळ मोठा अपघात झाला की पुढच्या आठवड्यात काय होणार, हे आता पुणेकरांना पाठ झालंय. पाहणी दौरे होतात, रस्त्यावर पांढरे पट्टे मारले जातात, वेगमर्यादेचे फलक बदलतात आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एकच मागणी फिरू लागते : दिवसा ट्रक बंद करा. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री कात्रजच्या नव्या बोगद्याकडून उतरलेल्या ट्रकने डझनावारी गाड्यांचा चुराडा केला, तेव्हा हेच झालं. १३ नोव्हेंबर २०२५ ला त्याच उतारावर दोन अवजड गाड्यांच्या मध्ये सापडून एक मोटार पेटली, आठ माणसं गेली, तेव्हाही हेच झालं.

उतार, ब्रेक, ओव्हरलोड यांवर बोलायलाच हवं, आणि लोक बोलतातही. मला बोलायचंय ते त्याच्या अलीकडच्या गोष्टीबद्दल. ती याच रस्त्यावर दिवसातून हजारो वेळा घडते आणि धडक झाली नाही तर कुणाच्या लक्षातही राहत नाही. बाजूच्या रस्त्यावरून आपण हायवेला लागतो, तेव्हा मागून येणाऱ्या ट्रकने आपल्याला जागा करून द्यायची, की आपण त्याला आधी जाऊ द्यायचं? मोटारवाल्यांना विचारलं तर बहुतेक जण म्हणतील, ‘त्याने जरा ब्रेक मारला तर काय बिघडतं?’ मीही मोटारच चालवतो, ट्रक नाही. तरी माझं उत्तर उलटं आहे. जो नव्याने येतोय त्याने थांबायचं, अंदाज घ्यायचा, वेग जुळवायचा आणि मगच शिरायचं. मात्र हे करायला रस्त्याने त्याला लांबी द्यायला हवी. ती दिलेली नसेल तर मोटारवाला आणि ट्रकवाला यांचं भांडण रस्ता बांधणाऱ्याने लावून दिलेलं असतं आणि तो स्वतः भांडणाच्या जागी कधीच नसतो.

मुंबई-बंगळुरू महामार्गाचा पुण्यालगतचा तुकडा पाहा. कात्रजपासून देहूरोडपर्यंतचा हा बायपास शहराला वळसा घालायला केला होता. शहर त्याच्यापर्यंत आलं, त्याला ओलांडून पलीकडे गेलं, आणि आता बायपास शहराच्या पोटातून जातो. नऱ्हे, वडगाव, वारजे, बावधन, बाणेर, वाकड, पुनावळे, रावेत. यातल्या प्रत्येक ठिकाणी हजारो घरं आहेत आणि त्या घरांतल्या माणसांना हिंजवडीला किंवा शहरात जायचंय. कोल्हापूरचं दूध, सातारा-सांगलीचा माल, बंगळुरूहून न्हाव्याशेव्याला निघालेले कंटेनर याच रस्त्यावर आहेत आणि दहा किलोमीटरवरच्या ऑफिसला निघालेली स्कूटरही याच रस्त्यावर आहे. सर्व्हिस रोड आहेत, पण सलग नाहीत. नदीचा पूल आला, ओढ्यावरची मोरी आली, जागेचा वाद आला की सर्व्हिस रोड संपतो आणि त्यावरची सगळी वाहनं मुख्य रस्त्यावर ओतली जातात. ओतली जातात ती एखाद्या लांब, निमुळत्या लेनमधून नव्हे. दुभाजक मध्येच तोडून केलेल्या, गाडीभर रुंदीच्या कटातून.

त्या कटापाशी काय होतं ते रोज जाणाऱ्याला सांगायला नको. मोटार नाक पुढे काढून उभी. मागच्या दोन गाड्या हॉर्न देतायत. आरशात ट्रक दिसतोय, पण तो किती लांब आहे आणि किती वेगात आहे हे आरशात नीट कळत नाही. मोठी वस्तू हळू येतेय असंच डोळ्यांना वाटतं. मग ‘येईल तो, थांबेल’ असं म्हणून मोटार शिरते, ताशी २० च्या वेगाने. ट्रक ६० ने येत असतो. दोघांच्या वेगातला फरक ताशी ४० किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला ११ मीटरचा. मध्ये ७० मीटर अंतर असेल, आणि उभ्या जागेवरून ७० मीटर म्हणजे भरपूर वाटतात, तर ते सहा-सात सेकंदांत संपतं.

आता ट्रकच्या बाजूने तेच गणित. ६० च्या वेगात गाडी सेकंदाला सोळा-सतरा मीटर जाते. ड्रायव्हरच्या डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर पंचवीस मीटर गेले. एअर ब्रेकची हवा चाकांपर्यंत पोचायला आणखी क्षणभर जातो. मग भरलेली गाडी थांबायला निदान पस्तीस-चाळीस मीटर. सपाट, कोरड्या रस्त्यावर आणि ब्रेक चांगले असतील तर हे सगळं साठ-सत्तर मीटरच्या घरात जातं. म्हणजे शिरलेली मोटार मध्येच अडकून थांबली, तर आपण ज्याला भरपूर म्हटलं, ते अंतर त्याने सगळं काही बरोबर केलं तरच जेमतेम पुरणारं असतं. उतार असेल, पाऊस असेल, टायर घासलेले असतील तर पुरत नाही. आणि या हिशेबात ट्रकच्या मागे बसलेली टाकी किंवा कंटेनर धरलेला नाही. जोराने ब्रेक मारला तर मागचा भाग आडवा फिरून दोन लेन अडवू शकतो, म्हणून अनुभवी ड्रायव्हर करकचून ब्रेक मारायला धजत नाही. लांबून हॉर्न देत येतो. आपण त्याला उर्मट म्हणतो.

वजनही वाढलंय. जुलै २०१८ मध्ये केंद्राने मालवाहू गाड्यांची कायदेशीर वजनमर्यादा साधारण २० ते २५ टक्क्यांनी वाढवली. दोन अ‍ॅक्सलचा साधा ट्रक पूर्वी स्वतःच्या वजनासकट सोळा टनांच्या आसपास भरायचा, तो आता अठरा-एकोणीस टनांपर्यंत कायदेशीर भरू शकतो. मोठे ट्रेलर ५५ टनांपर्यंत जातात. आपली मोटार माणसांसकट दीड टनाची. हा झाला कायद्यातला लोड. त्यावरचा किती असतो हे वजनकाट्यावाल्यांना आणि आरटीओला ठाऊक.

ड्रायव्हर लोक ‘मोशन’ म्हणतात. भरलेली गाडी थांबवली की मोशन तुटतं, आणि ते पुन्हा मिळवायला खालच्या गिअरपासून सुरुवात करावी लागते. यात मिजास नसते, डिझेल असतं. पुष्कळ गाड्यांवर मालक फेरीसाठी मोजून डिझेल देतो, वर लागलं तर ड्रायव्हरच्या भत्त्यातून जातं. दर कटापाशी कुणासाठी तरी थांबायचं म्हटलं तर पुण्याच्या बायपासवरच त्याचा हिशेब बिघडतो. याच हिशेबापायी काही जण उतारावर गाडी न्यूट्रल करतात आणि तो प्रकार जीवघेणा आहे, त्याचं समर्थन कुठल्याही हिशेबाने होत नाही. पण आपल्या मोटारीसाठी त्याने न थांबण्यामागे दर वेळी मग्रुरी असते हे मला पटत नाही.

यातली सगळ्यात कमी बोलली जाणारी गोष्ट डाव्या बाजूची आहे. आपण डावीकडून चालतो, म्हणून सर्व्हिस रोडवरून येणारी गाडी नेहमी डावीकडून शिरते. ट्रकचा ड्रायव्हर उजवीकडे, जमिनीपासून उंच बसलेला असतो. त्याच्या केबिनच्या डाव्या दाराला लागून खाली जी पट्टी आहे, तिथे असलेली मोटार त्याला काचेतून दिसत नाही आणि आरशात अर्धवट दिसते. स्कूटर तर दिसतच नाही. नियमाने डाव्या लेनमध्ये चालणाऱ्या ट्रकला नव्याने येणारं प्रत्येक वाहन त्याच्या आंधळ्या बाजूने भेटतं. पूर्वी त्या बाजूला क्लीनर बसायचा. टायर बदलणं, काच पुसणं, स्वयंपाक ही त्याची कामं आपल्याला माहीत असतात. त्याचं मोठं काम वेगळंच होतं. डाव्या खिडकीतून हात बाहेर काढून मागच्याला थोपवणं, दारावर थाप मारून ‘येऊ दे, येऊ दे’ किंवा ‘थांब’ सांगणं. तो ट्रकचा डावा डोळा होता. भाड्याचे दर आणि डिझेलचे भाव यांच्या कात्रीत पुष्कळ गाड्यांवरून क्लीनर गेला. जुलै २०२५ मध्ये राज्यातल्या वाहतूकदारांनी आंदोलन केलं, तेव्हा ई-चलनाच्या तक्रारीबरोबर क्लीनरची सक्ती रद्द करा ही मागणीही होती. मालकांची अडचण खरी असेल. पण माणूस काढायचा असेल तर त्याच्या जागी कॅमेरा आणि केबिनमध्ये त्याचा पडदा (स्क्रीन) आला पाहिजे, आणि तो आलाय की नाही हे गाडीच्या फिटनेस तपासणीच्या वेळी कुणीतरी दार उघडून पाहिलं पाहिजे. नुसता माणूस काढला तर ती बाजू कुणीच बघत नाही.

जाता जाता, २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ट्रकच्या मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला बंदी केली. उगाच हॉर्न वाजवायला उत्तेजन मिळतं, ध्वनिप्रदूषण होतं, हे कारण. कारण चुकीचं नव्हतं. पण ज्या गाडीला बाजूचं दिसत नाही, तिला ‘मी इथे आहे’ हे सांगायचं साधन आवाज हेच होतं. आवाज बंद करायचा तर दिसण्याची सोय करायला हवी होती. ती कुणी केली नाही. अर्थात हॉर्न आपण थांबवलेलेच नाहीत, त्यामुळे या बंदीचा फारसा परिणाम झाला असंही म्हणवत नाही.

कायदा काय म्हणतो? १९८९ चे रस्त्याचे नियम असोत की त्यांच्या जागी आलेले २०१७ चे, मुख्य रस्त्यावर येणाऱ्याने मुख्य रस्त्यावरच्या वाहनांना आधी जाऊ द्यावं, हे तत्त्व सरळ आहे. गाडी लहान की मोठी हा प्रश्नच त्यात येत नाही. ट्रक सर्व्हिस रोडवरून येत असेल तर त्यानेही मोटारीसाठी थांबायचं. उसाच्या हंगामात सातारा-कोल्हापूर पट्ट्यात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर शेतरस्त्यावरून संध्याकाळी हायवेवर चढतो, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलाखाली. तिथे माझी सहानुभूती मोटारवाल्याकडे आहे आणि नियमही त्याच्याच बाजूने आहे.

पण इथे दोन वेगळ्या परिस्थिती आहेत आणि आपण त्यांची गल्लत करतो. एकीत बाजूचा रस्ता येऊन मिळतो. दुसरीत सगळे एकाच रस्त्यावर असतात आणि एक लेन संपते. जर्मनीच्या वाहतूक कायद्यात या दोन्हींसाठी वेगळे नियम लिहिलेले आहेत. आउटोबानवर, म्हणजे तिथल्या द्रुतगती महामार्गावर, नव्याने येणाऱ्याने आधीपासून असलेल्यांना वाट द्यायची. लेन संपत असेल तिथे मात्र दोन्ही लेनमधल्यांनी चेनचे दात बसतात तसं आळीपाळीने, एकामागे एक जायचं, आणि संपणाऱ्या लेनमधल्याला अडवायचं नाही. म्हणजे पहिल्या ठिकाणी अग्रक्रम आहे आणि दुसऱ्या ठिकाणी बरोबरी. आपल्याकडे दोन्ही ठिकाणी ज्याचं नाक पुढे तो जातो.

लेन संपण्याची आपल्याकडची एक मोठी जागा बोरघाटात आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा, २००२ पासून पूर्ण वापरात. त्यावर घाटात आडोशी बोगद्याजवळ जुना मुंबई-पुणे महामार्ग येऊन मिळतो आणि खंडाळ्याला पुन्हा वेगळा होतो. द्रुतगती मार्ग सहापदरी, जुना रस्ता चौपदरी. दहा लेनची वाहतूक इतकी वर्षं मधल्या टप्प्यात सहा लेनमध्ये भरली गेली, हे रस्ते विकास महामंडळानेच ‘मिसिंग लिंक’, म्हणजे घाटाच्या या टप्प्याला बगल देणारा नवा रस्ता, का हवी हे सांगताना लिहिलेलं आहे. ही कोंबाकोंब नेमकी चढावर होत आली. तिथे भरलेला ट्रेलर ताशी १५-२० ने रांगत असतो आणि त्याच्यामागे वीकेंडला लोणावळ्याला निघालेली एसयूव्ही वळवळत असते. दोघांनाही त्या क्षणी दुसरा नको असतो.

घाटातला मोटारवाल्यांचा आक्षेप मला मान्य आहे. नियम असा की डावी लेन अवजड वाहनांची, मधली हलक्या वाहनांची, उजवी फक्त ओव्हरटेकची. प्रत्यक्षात तीन ट्रेलर तीन लेनमध्ये शेजारी शेजारी चढताना दिसतात आणि मागे किलोमीटरभर रांग लागते. १८ च्या वेगाने जाणाऱ्याला २० च्या वेगाने ओव्हरटेक करायला घेतलं की ते पूर्ण व्हायला घाट संपतो. हे बंद व्हायला हवं. २०२४ पासून द्रुतगती मार्गावर कॅमेऱ्यांची यंत्रणा बसली, लेन मोडणाऱ्याला ई-चलन जाऊ लागलं, आणि मला ते योग्य वाटतं.

पण ट्रक डावी लेन का सोडतात, हेही विचारायला हवं. सपाटीवर डावी लेन म्हणजे बंद पडलेल्या गाड्या, चहासाठी थांबलेल्या गाड्या, कडेला लघवीला उतरलेली माणसं. जिथे दुचाकींना बंदी नाही तिथे दुचाकी, उलट्या दिशेने येणारे. आणि दर दोन-चार किलोमीटरवर डावीकडून अचानक शिरणारी मोटार. ज्या लेनमध्ये सतत कुणीतरी २० च्या वेगाने आडवं येतं, ती लेन चाळीस टन घेऊन जाणारा माणूस टाळणारच. म्हणजे आपण मोटारवाले कटातून वेडेवाकडे शिरतो म्हणून ट्रक मधल्या लेनमध्ये जातो, आणि तो मधल्या लेनमध्ये आहे म्हणून आपण त्याला डावीकडून ओव्हरटेक करतो, त्याच्या त्याच न दिसणाऱ्या बाजूने. हे दुष्टचक्र फक्त चलनाने तुटणार नाही. डावी लेन चालवण्याजोगी करा, मग ती सोडणाऱ्याला दंड करा.

लेन संपण्याचं दुसरं ठिकाण पालघर जिल्ह्यात. ४ सप्टेंबर २०२२ ला चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या मोटारीला अपघात झाला. अहमदाबादकडून येताना तिथे तीन लेनच्या दोन होतात. त्यानंतर देशभर चर्चा झाली ती मागच्या सीटवरच्या पट्ट्याची. ती व्हायलाच हवी होती, पट्टा लावला पाहिजे. पण पुलापाशी एक लेन नाहीशी होते, आणि ती होणार आहे हे वेगातल्या माणसाला किती आधी कळतं, ही चर्चा दोन-चार दिवसांतच मागे पडली. पट्टा लावा असं नागरिकाला सांगता येतं. पूल रुंद करा असं सांगायचं तर कुणाला सांगणार?

म्हणून मी पुन्हा बांधणाऱ्याकडे येतो. ताशी २० वरून ६० पर्यंत जायला साध्या मोटारीला, इंजिनावर फार जोर न देता, ऐंशी ते शंभर मीटर लागतात. भरलेल्या ट्रकला त्यासाठी चारशे मीटर किंवा त्याहून जास्त. हे शाळेतलं गणित आहे. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमावल्यांत वेग वाढवण्यासाठी वेगळी लेन आणि पुढे निमुळता पट्टा यांची तरतूद आहेच. आपल्या अभियंत्यांना ते शिकवावं लागत नाही. सुटलेली लोकल पकडणारा माणूसही आधी प्लॅटफॉर्मवर तिच्याबरोबर धावतो, मग दांडी धरतो. प्लॅटफॉर्मच दोन पावलांचा असेल तर तो काय करणार? बायपासवरच्या कटांपाशी आपण माणसाला ती दोन पावलं देतो आणि मग त्याला शिस्त नाही म्हणतो.

असं का होतं? बहुतेक कट मूळ आराखड्यात नसतात. एखादा पेट्रोल पंप, एखादं मंगल कार्यालय, एखादी टाउनशिप येते, स्थानिक नेता आंदोलन करतो, लोकांची गैरसोय खरी असते, आणि एका रात्रीत दुभाजक तुटतो. तोडायला परवानगी कुणाची होती हे नंतर सापडत नाही. महामार्ग एका खात्याचा, सर्व्हिस रोडची जमीन दुसऱ्याची, त्यावरचं अतिक्रमण तिसऱ्याच्या अखत्यारीत, वाहतूक पोलीस चौथे. लांब लेन करायची तर जमीन लागते, जमीन लागली की कोर्ट लागतं. फलक लावायला काहीच लागत नाही, म्हणून फलक लागतात. चांदणी चौकाचं काम ऑगस्ट २०२३ मध्ये संपलं. वेगवेगळ्या दिशांचे रॅम्प झाल्यावर तिथली जुनी कोंडी बरीच सुटली. लोकांचं वागणं एका रात्रीत सुधारलं म्हणून हे झालं नाही. भूमितीने काम केलं.

ट्रकवाल्यांच्या चुका मी झाकत नाही. भारतात २०२२ मध्ये रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली. महाराष्ट्रात १५ हजारांहून जास्त. एकूण रस्त्यांच्या जेमतेम दोन टक्के असलेल्या राष्ट्रीय महामार्गांवर त्यातले एक तृतीयांशाहून जास्त मृत्यू झाले. अपघातांच्या प्रकारांत ‘मागून धडक’ हा मोठा वाटा आहे, आणि महामार्गावर मागून धडक म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो अंधारात कडेला लावलेला, मागचे दिवे बंद असलेला ट्रक. पाटा (चाकावरची स्प्रिंग) तुटला म्हणून जिथल्या तिथे उभी केलेली गाडी, मागे त्रिकोणी रिफ्लेक्टरऐवजी चार दगड आणि झाडाची फांदी. मग ती काढली जाते तेव्हा दगड तिथेच. याला गुन्हाच म्हटलं पाहिजे.

पण थांबायचं कुठे, हाही प्रश्न आहेच. ऑक्टोबर २०२३ मध्ये समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ भाविकांची मिनीबस ट्रकवर आदळून बारा जण गेले. तो ट्रक आरटीओच्या पथकाने तपासणीसाठी थांबवला होता, असं समोर आलं आणि दोन अधिकाऱ्यांना अटक झाली. सातशे किलोमीटरच्या, १२० च्या वेगमर्यादेच्या रस्त्यावर ट्रक तपासायची जागा म्हणजे रस्ताच असेल, तर ड्रायव्हरने झोपायची जागा कोणती असणार? मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ चा, नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू होता. त्यात दिवसाला आठ तास काम लिहिलं होतं. हे वाचून कुठल्याही ढाब्यावर हशा पिकेल.

मोठ्या गाडीलाच दोषी धरायची आपली सवय कायद्यातही उतरते की काय, अशी भीती जानेवारी २०२४ मध्ये ड्रायव्हरांना वाटली. भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमाच्या दुसऱ्या भागात, अपघातात माणूस मेल्यावर न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली होती. ट्रक थांबले, राज्यातल्या पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, दोन दिवसांत सरकारने चर्चेशिवाय लागू करणार नाही म्हटलं, आणि जुलै २०२४ मध्ये संहिता लागू झाली तेव्हा तेवढा भाग बाजूला ठेवला गेला. पळून जाणारा मरणाऱ्याला मदत नाकारतो, त्याला कडक शिक्षा हवी, असं माझं मत आहे. पण ड्रायव्हर म्हणत होते तेही ऐकायला हवं : थांबलो तर जमाव मारतो, आणि चूक कुणाची हे बघायला कुणी थांबत नाही. कटातून शिरलेल्या मोटारीला ट्रकची धडक बसली तर पंचनाम्यात मोटारीचा वेग आणि कटाची लांबी येते का? माझ्या ऐकिवात तरी ट्रकचा नंबर आणि ‘भरधाव’ हा शब्दच येतो.

राहिली ट्रकबंदी. गणपतीत मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहनं बंद असतात, जोडून सुट्ट्या आल्या की घाटात त्यांना थांबवलं जातं. कोकणात जाणाऱ्या माणसाच्या सणासाठी चार-आठ दिवस हे करणं मी समजू शकतो. कायमची दिवसाबंदी हा मात्र प्रश्न ढकलण्याचा प्रकार आहे. मुंबई आणि पुण्यात गर्दीच्या वेळी अवजड गाड्यांना आधीच बंदी असते, त्यामुळे त्या शहराबाहेर कडेला साचतात आणि वेळ उघडली की एकदम, झुंडीने सुटतात. दिवसभर विखुरलेली वाहतूक दोन-तीन तासांत कोंबली जाते. शिवाय रात्री चालवा म्हणजे झोपेच्या वेळी चालवा. दारात सकाळी दूध आणि दुपारी ऑनलाइन मागवलेलं पार्सल हवं, पण ते आणणारी गाडी रस्त्यावर दिसायला नको, या मागणीला मी नागरी प्रश्न मानत नाही.

बायपासच्या उन्नत रस्त्याची चर्चा सुरू आहे. तो होईल तेव्हा लांबची आणि स्थानिक वाहतूक वेगळी होईल, चांगलंच आहे. तोपर्यंत करण्याजोगं बरंच आहे आणि त्याला पूल बांधायला लागत नाहीत. कात्रज ते रावेत प्रत्येक कट मोजा, त्याची लांबी जाहीर करा. शंभर मीटरची स्वतंत्र लेन देता येत नसेल तर तो कट बंद करून वाहनं पुढच्या जागेवर न्या, आणि त्या गैरसोयीचा राजकीय त्रास सोसा. जिथे देता येते तिथे सुरुवातीला ठळक सलग रेघ मारा, म्हणजे वेग घेण्याआधी कुणी आडवं घुसणार नाही. मुख्य रस्त्यावर पाचशे मीटर आधी ‘डावीकडून वाहने येतात’ असा फलक लावा, म्हणजे मधली लेन मोकळी असेल तर ट्रकला वेळेवर सरकता येईल. तसं सरकणं हे त्याचं सौजन्य आहे. बरेच ड्रायव्हर ते करतात, इंडिकेटर देऊन करतात, आणि आपण हात वर करून आभारसुद्धा मानत नाही.

आणि परवाना. भोसरीच्या ट्रॅकवर ‘आठ’ काढला, रिव्हर्स घेतला, चढावर गाडी मागे न जाऊ देता सोडली की माणूस पास होतो. पुढच्या रविवारी तोच माणूस कुटुंबाला घेऊन महाबळेश्वरला निघतो आणि आयुष्यात पहिल्यांदा एका ट्रेलरच्या पुढ्यात हायवेला लागतो. त्याची ही परीक्षा कुणी घेतलेलीच नसते. ती घ्यावी. प्रत्येक उमेदवाराला शेजारी निरीक्षक बसवून, दुहेरी ब्रेकच्या गाडीतून, पुनावळ्याला किंवा वारज्याला एकदा बायपासवर चढायला लावावं. कट किती लांबीचे आहेत, हे त्या निमित्ताने निरीक्षकांच्या खात्यालाही कळेल.